डाव मोडल्यावर

बुद्धिबळाच्या डावात हरलेल्या मनुष्यास कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही. दिवा मंद होता, मध्येच कोणी चहा आणून ठेविला, ओटीवर पोरांनी दंगा मांडिला होता, किंवा आज मुळी खेळावयाचे मनातच नव्हते, यांपैकी एखादे कारण त्याच्या हाताशी असतेच. जिंकणाराची गोष्टही याहून फारशी निराळी नाही. प्रतिपक्षाने अनवधानाने दिलेला हत्ती त्याने घेतलेला असतो. पण घरी परत जाताना तो हत्ती आपण पाच चाली अगोदरपासून हेरून ठेविला होता, अशी त्याची समजूत होऊ लागते, आणि स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडीपर्यंत त्या समजुतीची खात्री झालेली असते. अशा रीतीने दोघेही समाधानाने झोपी जातात, व दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच खेळतात. वीस-वीस, तीस-तीस वर्षे नित्यनेमाने पट मांडणारी, आणि तरीही पहिल्या वर्षी जेथे होती तेथेच राहिलेली माणसे प्रत्येक गावात आढळतात, त्याचे रहस्य या समाधानात आहे.

या दोघांमधील निवाडा करणारा पंच पूर्वी दुर्मिळ असे. सांगलीसारख्या गावी, जेथे कै. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिले व पुढे पिढ्यान् पिढ्या मुले घडविली, तेथील विद्यार्थ्यास जाणता गुरू शेजारी बसून त्याची चाल तपासून देई. आमच्या देवगडासारख्या बंदरकाठच्या गावात असा गुरू कोठून यावा? आज मात्र तो पंच ज्याच्या हाती साधा मोबाइल फोन आहे त्याच्या घरी येऊन बसला आहे. तो वेतन मागत नाही, थकत नाही, आणि कोणाची भीडही धरीत नाही. त्याची ओळख करून द्यावी, व त्याच्याशी वागावे कसे याविषयी चार शब्द सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या पंचाचे नाव मात्र आमच्यासारख्यांच्या घरात उच्चारण्यास जरा अवघड आहे. त्याला स्टॉकफिश म्हणतात, आणि स्टॉकफिश म्हणजे वाऱ्यावर वाळविलेला मासा! देवगडच्या बंदरावर सुक्या मासळीचा वास कोणास अपरिचित नाही. पण माजघरात तिचे नावही निघावयाचे नाही, अशा घरातील सोवळ्या मंडळींनी संध्याकाळी संध्या आटोपून 'आता जरा सुक्या मासळीला विचारू' असे म्हणावे, हा कालमहिमाच म्हणावयाचा. नावाची कथा अशी. नॉर्वेतील टोर्ड रोमस्टाड यांनी ग्लाउरुंग नावाची बुद्धिबळ खेळणारी संगणक-आज्ञावली रचिली होती व तिची मूळ संहिता सर्वांस खुली ठेविली होती. २००८ साली इटलीतील मार्को कोस्टाल्बा यांनी ती घेऊन तिच्यात सुधारणा केल्या. नॉर्वेत तो मासा वाळवितात व इटलीत तो शिजवितात, म्हणून या नव्या आज्ञावलीस त्यांनी थट्टेने ते नाव दिले. फिनलंडचे योना कीस्की हे या दोघांचे तिसरे सहकारी. पुढे जगभरचे शेकडो लोक या कामास येऊन मिळाले.

आता यातील खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट. ही आज्ञावली कोणीही फुकट घ्यावी, वापरावी, तिची मूळ संहिता उघडून वाचावी, तिच्यात बदल करावा, दुसऱ्यास द्यावी, किंबहुना विकावीही. अट एवढीच की, जो ती पुढे देईल त्याने घेणाऱ्यास हे सर्व अधिकार तसेच्या तसे दिले पाहिजेत व संहिता लपवून ठेविता कामा नये. या अटीच्या परवान्यास जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स म्हणतात, आणि तो अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ साली प्रथम सिद्ध केला. ज्या समाजात विद्येचा विक्रय निंद्य मानिला, गुरूकडून घेतलेले शिष्यास दिल्यावाचून ऋण फिटत नाही असे मानिले, त्या समाजास ही अट परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे ती धर्मभावनेवर सोपविलेली होती. तिकडे ती कायद्याच्या भाषेत बांधिली आहे, एवढाच भेद. आणि कायद्याने बांधिली म्हणूनच तिचे रक्षणही करता आले. चेसबेस या प्रसिद्ध जर्मन कंपनीने विकावयास काढलेल्या दोन आज्ञावल्या वस्तुतः स्टॉकफिशच्याच आधारावर उभ्या असून परवान्याची अट पाळली गेली नाही, अशी तक्रार करून स्टॉकफिशच्या कर्त्यांनी २०२१ साली म्युनिच येथे दावा लाविला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली, व त्या दोहोंची विक्री बंद झाली.

सुधारणा पारखण्याची त्यांची रीतही आपल्या शास्त्रकारांस पसंत पडावी अशी आहे. कोणी कितीही नामांकित असो, 'माझ्या बदलाने खेळ सुधारतो' हे त्याचे म्हणणे केवळ पूर्वपक्ष म्हणून घेतात. मग जुनी व नवी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात. २०१३ सालापासून या कामासाठी निरनिराळ्या देशांतील लोक आपापले संगणक स्वखुशीने देतात. नवीचा वरचष्मा गणिताने सिद्ध झाला तरच बदल स्वीकारावयाचा. एरवी तो सोडून द्यावयाचा. शब्दप्रामाण्यास तेथे जागा नाही.

हे यंत्र विचार कसा करते, असे पुष्कळ लोक विचारतात. प्रत्येक चालीस प्रतिपक्षाची उत्तरे, त्या प्रत्येक उत्तरास आपली प्रत्युत्तरे, असा वटवृक्षासारखा विस्तार होत जातो, व त्या सर्व फांद्या मोजू म्हटले तर कोणत्याही संगणकाचे आयुष्य पुरावयाचे नाही. म्हणून छाटणी करावी लागते. ती कशी करतात, हे लग्ने जमविणाऱ्या आपल्या वडील मंडळींस चटकन समजेल. एखाद्या स्थळाविषयी मुलगा व्यसनी आहे एवढे पक्के कळले, की त्याच्या पगाराची, घराची व बहिणींची चौकशी पुढे कोणी करीत बसत नाही; स्थळ त्यागावयाचे, एवढे ठरले की पुरे. तसेच एखाद्या चालीस एक सणसणीत उत्तर सापडले, की तिला आणखी किती वाईट उत्तरे आहेत हे यंत्र पाहत नाही. २०२० च्या सप्टेंबरात यात एक मोठी भर पडली. जपानातील यू नासू यांनी २०१८ साली शोगी या खेळासाठी एक पद्धत काढिली होती. पटावरील स्थितीचे बलाबल ठरविण्याची नजर संगणकास असंख्य उदाहरणांवरून शिकवावयाची, अशी ती पद्धत. ती स्टॉकफिशने उचलली, आणि त्याचे बळ एकदम वाढले. शोगी हा आपल्या चतुरंगाच्याच वंशातील खेळ मानतात. माहेराहून शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या मुलीच्या नातवंडांकडून काही दागिना परत यावा, तसे हे झाले.

यंत्राचा निकाल आकड्यांत मिळतो. शून्य म्हणजे डाव समतोल; अधिक चिन्ह म्हणजे पांढऱ्याचे पारडे जड; उणे म्हणजे काळ्याचे. पूर्वी अधिक एक याचा अर्थ साधारणतः एका प्याद्याइतकी आघाडी असा घेत. डिसेंबर २०२२ पासूनच्या आवृत्तींत मात्र अधिक एक म्हणजे, यंत्र यंत्राशी खेळले तर पांढरा जिंकण्याचा संभव निम्मा, असे प्रमाण बसविले आहे. हे 'यंत्र यंत्राशी' शब्द विसरू नयेत. ज्या स्थितीस यंत्र निर्धोक समतोल म्हणते, ती सांभाळण्यास एखादे वेळी लागोपाठ दहा अचूक चाली लागतात, व त्या मनुष्यास सुचणे दुर्घट असते. आकडा सत्य सांगतो, पण वाट किती बिकट आहे हे सांगत नाही.

परंतु डाव तपासावयाचा तर तो आधी लिहिलेला पाहिजे, आणि येथेच आपली परंपरा उणी पडली. बुद्धिबळाविषयी आपल्या पूर्वजांनी लिहिले नाही असे मुळीच नाही. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात चतुरंगावर श्लेष आहे. नवव्या शतकातील रुद्रटाच्या काव्यालंकारात तुरगपदाचा चमत्कार आहे: अक्षरे ओळीने वाचा किंवा घोड्याच्या अडीच घरांच्या उडीने वाचा, श्लोक तोच निघतो! सतराव्या शतकात काशीस राहणाऱ्या, पण मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी भगवंतभास्कर नावाचा बारा मयूखांचा महाग्रंथ रचिला. त्यातील व्यवहारमयूख हा मुंबई इलाख्यातील न्यायालयांत वारसाच्या दाव्यांत प्रमाण मानीत असत. त्याचे संपादन महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी केले. त्याच ग्रंथाच्या नीतिमयूखात बुद्धिबळाचे प्रकरण आहे, आणि घोडा चौसष्ट घरांतून कसा फिरवावा हेही त्यात दिले आहे. दायभागाचा निर्णय देणाऱ्या पंडितास घोड्याची वाट लिहून ठेवणे कमीपणाचे वाटले नाही, हे ध्यानात घ्यावे. परंतु घोड्याची वाट लिहिली गेली तरी घरोघर खेळले गेलेले डाव कोणी लिहिले नाहीत. ओट्यांवर, देवळांच्या सभामंडपांत, वाड्यांच्या दिवाणखान्यांत केवढे डाव रंगले असतील! ते सर्व मोहरी पिशवीत भरल्याबरोबर नाहीसे झाले.

म्हणून पहिला नियम: डाव लिहावा. त्यास विशेष विद्या लागत नाही. उभ्या पट्ट्यांस ए पासून एच पर्यंत नावे व आडव्या ओळींस एक ते आठ आकडे, एवढे समजले की पाचवीतला मुलगा अर्ध्या तासात शिकतो. मग ती वही पुढे ठेवून फोनमध्ये किंवा संगणकात चाली भराव्या. लीचेस नावाचे एक बुद्धिबळस्थान २०१० साली फ्रान्समधील तिबो दुप्लेसी यांनी सुरू केले. तेही मुक्त परवान्याचे असून, केवळ देणग्यांवर चालते. त्यावर जाहिरात नाही, शुल्क नाही, आणि डाव तपासण्यास तेथे स्टॉकफिशच बसविलेला आहे. ज्यास नेट मिळत नाही त्याने स्टॉकफिश फोनमध्ये उतरवून ठेवावा. पावसाळ्यात वारा सुटला, वीज गेली व नेटही गेले, असे आमच्याकडे वारंवार होते. तेव्हाही फोनमध्ये थोडी धुगधुगी असेल तर हा पंच आपले काम करीत राहतो.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा: यंत्रास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारावे. सूत्र असते, त्यावर भाष्य असते, भाष्यावर वार्तिक व टीका असते. आपला डाव हे सूत्र समजून आधी आपणच त्यावर भाष्य लिहावे: येथे मला काय वाटले, प्रतिपक्षाचा हेतू काय समजलो, कोणती दुसरी चाल मनात आली व ती का टाकली. जगज्जेते बोट्विनिक आपल्या डावांचे परीक्षण स्वतः करून ते छापून प्रसिद्ध करण्याचा उपदेश करीत, कारण छापले की चार परके डोळे त्यावर पडतात. आज ते परके डोळे घरातच आहेत. पण आपले डोळे आधी मिटून घेतले तर त्यांचा उपयोग नाही. यंत्र 'ही चाल वाईट' एवढे सांगते. ती अज्ञानाने झाली, उतावळेपणाने झाली, भीतीने झाली, की जिंकलोच या गर्वाने झाली, हे त्याला ठाऊक नसते. आणि औषध तर कारणावर द्यावयाचे असते.

या बाबतीत माझ्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. आमचे एक आंबा-बागाईतदार स्नेही आहेत. वयाने मजहून दहा-बारा वर्षांनी वडील. बागेची कामे संपून पाऊस लागला की आमची बैठक सुरू होते, ती नवरात्रापर्यंत. सर्व डाव मी वहीत उतरून ठेविले आहेत, व दर वर्षी ज्याचे डाव कमी भरतील त्याने दुसऱ्यास काहीतरी द्यावयाचे, असा आमचा संकेत आहे. ते हरले तर पुढल्या हंगामात हापूसची एक पेटी येते. मी हरलो तर एखादे पुस्तक जाते. गेल्या पावसाळ्यात जुन्या वह्या काढून मी त्यांतील डाव यंत्रापुढे मांडू लागलो. एका डावात मी उंट मागे घेतला होता, व त्यास ते कित्येक वर्षे 'मास्तरांचा पळपुटा उंट' म्हणून हसत आले होते. यंत्राने तीच चाल सर्वोत्तम ठरविली. हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हे यंत्र मास्तरांच्या शाळेतले दिसते."

पण पुढच्याच वहीत एक डाव निघाला, त्याने मला विचारात पाडिले. एका वर्षी आमचे डाव समसमान झाले असता शेवटचा निर्णायक डाव तो होता. मजकडे पांढरा राजा, एक उंट व दोन प्यादी. एक प्यादे अगदी कडेच्या एच पट्टीत, व दुसरे आत एफ पट्टीत. त्यांजकडे राजा व घोडा. प्यादी पुढे येत होती, आणि बराच वेळ पटाकडे पाहून त्यांनी आपला राजा आडवा केला. पेटीही आली, आम्ही सर्वांनी ती खाल्लीही. त्या स्थितीस यंत्र म्हणते: शून्य! डाव बरोबरीचा होता.

हे त्यांना सांगावे की नाही? ऐंशीच्या घरातील मनुष्य. दृष्टी अधू होत चाललेली. आणि तो डाव हरल्याचे शल्य त्यांना बरेच दिवस होते, हे मला ठाऊक होते. न सांगितले तर कोणाचे काही बिघडत नव्हते. पण ज्याने आयुष्यभर पट मांडिला त्याच्यापासून त्याच्याच डावातील सत्य लपवावयाचे, हा मान नव्हे. ती दया झाली, आणि तशी दया त्यांनी मजकडे कधी मागितली नव्हती. मी वही घेऊन गेलो व म्हटले, "या ठिकाणी तुम्ही डाव सोडलात; पण यंत्र म्हणते, येथे वाट होती." ते लगेच हात वर करून म्हणाले, "आहे एवढेच सांगितलेत ते पुरे. कोणती, ते सांगू नका."

तीन दिवस पट त्यांच्या पडवीत तसाच मांडून ठेविलेला होता. घरातल्यांनी केर काढतानाही त्यास हात लाविला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या नातवाचा फोन आला, "आजोबा म्हणतात, मास्तरांना बोलवा." मी गेलो तो त्यांनी घोडा उचलून सरळ माझ्या आतल्या प्याद्यावर ठेविला. उंट त्या घोड्यास मारणार हे उघडच. मग उरले काय? एक उंट व कडेचे एक प्यादे. पण माझा उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा, आणि त्या प्याद्याने वजीर व्हावयाचे घर काळे. काळा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तेथून उठविण्याचे साधन पांढऱ्यापाशी नाही. फार जवळ जावे, तर शह नसताना त्याला हलावयास घर उरत नाही, व डाव बरोबरीत सुटतो. ते म्हणाले, "सोडावयाचा तो घोडा होता, मास्तर. मी डाव सोडला."

नंतर चहा घेताना त्यांनीच कारणही सांगितले. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकविला तो देशी पद्धतीचा डाव. त्या रीतीत राजा एकटा उरला की निम्मी हार झालीच असे मानीत. तेव्हा शेवटचे मोहरे आपण होऊन देऊन टाकावे, हा विचारच लहानपणी मनातून पुसला गेला होता. हे कारण जगातील कोणत्याही यंत्राने सांगितले नसते. वाट आहे एवढे यंत्राने सांगितले. वाट कोणती ते त्यांनी स्वतः शोधिले. आणि ती पूर्वी का दिसली नाही, हे स्वतःच्या बालपणात डोकावून काढिले. आपले डाव आपण तपासणे म्हणजे काय, याचा याहून चांगला पाठ मी पाहिलेला नाही.

आमच्या मुलांनी नेमके हेच शिकावयास पाहिजे, आणि भीतीही येथेच आहे. गणिताच्या पुस्तकामागील उत्तरे पाहून गणित सोडविणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकास परिचित असतो. त्याचे उत्तर नेहमी बरोबर असते, व परीक्षेत तो नापास होतो. आजची मुले डाव संपताक्षणी बोटाने एक कळ दाबतात. यंत्र लाल-पिवळ्या खुणा करून देते. मुले त्यावरून नजर फिरवितात व दुसरा डाव मांडतात. यास परीक्षण म्हणत नाहीत. डाव चालू असता चोरून यंत्रास विचारणे, हा तर उघड अधर्म. स्पर्धांत त्यास बंदी आहेच, व घरीही ती कसोशीने पाळली पाहिजे. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेन यांनी ५५ व्या चालीस हत्ती चुकीच्या घरी नेला. जगभर बसलेल्या प्रेक्षकांस यंत्राच्या आकड्याने ती चूक तत्क्षणी दाखविली. पण पटापुढे बसलेल्या अठरा वर्षांच्या गुकेशला आकडा दिसत नव्हता. त्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. ती दिसली म्हणून तो जगज्जेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही याच रीतीने. यंत्रे या सर्वांच्या घरी आहेत. पण पटावर येताना त्यांना घरी ठेवूनच यावे लागते.

एकत्र कुटुंबात या पंचाचा आणखी एक गुण दिसून येतो. आजोबांची चाल चुकली असे नातवाने म्हणावे, ही पूर्वी कल्पनाही करवत नसे. आणि सुनेने सासऱ्यास मात द्यावी, तर ती बहुधा 'त्यांनी दिली म्हणून' मिळाली असे समजले जाई. १९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकरने महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, त्यानंतर तरी हा समज जावयास पाहिजे होता. यंत्रास चाल कोणाची हे ठाऊकच नसते. थोरली पाती, धाकटी पाती, मुलगी, सून, त्याला सर्व सारखी. त्याचा निकाल मात्र आपण सांगताना माणसासारखा सांगावा. "तुमचे चुकले" असे म्हणण्यापेक्षा, "येथे आणखी एक वाट होती म्हणतात, शोधूया का?" असे म्हणावे. शोधण्यास वडील बसतात, आणि लहानही बसतात.

तेव्हा ज्यांच्या घरी पट आहे त्यांनी एवढे करून पाहावे. दुकानातून एक दोनशे पानी वही आणावी व ती पटाच्या पिशवीतच ठेवावी. आठवड्यातून एक डाव लिहावा, अधिक नको. दुसऱ्या दिवशी त्यावर आपले भाष्य लिहावे. तिसऱ्या दिवशी घरातील ज्यास यंत्र चालविता येते त्याने एकट्याने ते पाहावे, व जेथे पारडे फिरले त्या दोन किंवा तीन जागा फक्त वहीत खुणेने दाखवाव्या. उत्तर लिहू नये. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर त्या जागा पटावर मांडून सर्वांनी मिळून वाट शोधावी. आमच्याकडे सध्या शुक्रवारच्या डावातील एकोणिसावी चाल पडवीत मांडून ठेविलेली आहे, व काल रात्रीपर्यंत ती कोणास सुटलेली नव्हती.